भेदरं : सांदवाडीतल्या एका फळाची बखर

जुन्या मराठी ग्रंथांचा काळ ठरवताना आपण भाषेची रूपे पाहतो, हस्तलिखितांची वंशावळ लावतो. पण भाज्यांची साक्ष सहसा काढत नाही. संत सावता माळी यांचा काळ 1250 ते 1295 असा मानला जातो. त्यांच्या नावावरील सर्वांत लोकप्रिय अभंगात मिरची येते. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती भारतात उतरली ती 1498 नंतरच. म्हणजे अभंगाचा हा पाठ, निदान त्यातला तो शब्द, सावतोबांच्या पुष्कळ नंतरचा असला पाहिजे. अभ्यासकाला हे अडचणीचे वाटेल. परंतु मला त्यात मिरचीचा विजय दिसतो. परदेशातून आलेले एक झाड इतके आपले झाले, की लोकांनी ते थेट संताच्या मळ्यात नेऊन लावले.

त्याच खंडातून आलेल्या, मिरचीच्याच कुळातल्या टोमॅटोला हे भाग्य लाभले नाही. कोणत्याही संताच्या मळ्यात तो नाही, ओवीत तो फारसा भेटत नाही. तरीही भंडारा जिल्ह्यात त्याला जे नाव मिळाले, ते पाहिले की वाटते, ग्रंथांनी नाकारलेला हा पाहुणा बोलीने केव्हाच घरात घेतला होता. तिथे, आणि विदर्भात इतरत्रही, टोमॅटोला 'भेदरं' म्हणतात. प्रमाण मराठीच्या वाचकाला या शब्दाने 'भेदरणे' आठवेल; ध्वनिसाम्यापलीकडे जाण्याचे कारण नाही. मात्र या फळाला खरोखरच भेदरलेले लोक इतिहासात होऊन गेले, हे खरे.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत याचे रानटी पूर्वज उगवत. त्याची लागवड रुजली ती मेक्सिकोत, आणि तिथल्या नाव्हात्ल भाषेतील 'तोमात्ल' या शब्दापासून जगभरची नावे निघाली. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले. विषारी धोतऱ्याच्या आणि बेलाडोनाच्या कुळातले हे फळ खावे की न खावे, याबद्दल उत्तर युरोप दीर्घकाळ साशंक राहिला. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच्या नावात जो 'लायकोपर्सिकम' शब्द घातला, त्याचा अर्थ 'लांडग्याचे पीच'. भारतात त्याची ओळख वांग्याच्या मार्फत झाली. बंगालीत 'बिलाती बेगुन', जुन्या मराठीत 'वेलवांगी' ही नावे पाहा : नवख्याला ओळखीच्या नातेवाइकाच्या नावाने हाक मारण्याची ही रीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज वॅट यांनी भारतातील उपयुक्त वनस्पतींचा कोश रचला, तेव्हाही टोमॅटो मुख्यतः युरोपियनांसाठी पिकवला जात असल्याची नोंद त्यांनी केली. बंगाली आणि ब्रह्मी लोक तो आंबट कालवणात घालू लागल्याचेही त्यांनी सांगितले.

'आंबट' हा शब्द महत्त्वाचा आहे. टोमॅटो आपल्याकडे फळ म्हणून आला नाही, आंबटपणा म्हणून आला. भंडाऱ्याच्या स्वयंपाकात ही जागा रिकामी नव्हती. चिंच होती, अंबाडीचा पाला होता, कैरी होती, ताक होते. लीळाचरित्रात चक्रधरांचा शिष्य म्हणून निळभट्ट भांडारेकार भेटतो. त्याच्या काळच्या भंडाऱ्यातही जेवण आंबटाशिवाय अडले नसेल. त्यातच हे पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव, आणि कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो. भेदऱ्याच्या चटणीला या भांड्यांची गरजच पडत नाही. विस्तवावर भेदरे भाजायचे, साल काढायची, हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि सांबार घालून पाट्यावर ठेचायचे. (सांबार म्हणजे विदर्भात कोथिंबीर, पुण्याच्या वाचकाने दक्षिणी सांबाराची वाट पाहू नये.) गरम भाताबरोबर ही चटणी असली, की दुसरे कालवण नसले तरी चालते. शहरी मराठीने टोमॅटोचे सार केले, कोशिंबीर केली. झाडीपट्टीने ती चटणी केली आणि तिला आपले नाव दिले.

ही झाडीपट्टी म्हणजे तलावांचा आणि धानाचा मुलूख. तिथे घरामागच्या जागेला 'सांदवाडी' म्हणतात. पावसाळ्यात साऱ्यांचे हात बांधीत गुंतलेले असतात. पाऊस ओसरला की सांदवाडीत रोपे लागतात, आणि धान घरात येते तेव्हा झाडे फुलावर येतात. टोमॅटोला फळ धरायला थंड रात्री लागतात; दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर रेंगाळू लागले की पराग निकामी होऊन फुले गळतात. त्यामुळे वैनगंगेच्या खोऱ्यातील कडक उन्हाळ्याआधीच भेदऱ्याचा हंगाम आटोपतो. न्हाणीचे सांडपाणी, चुलीची राख आणि काटक्यांचा आधार एवढ्यावर तो निभतो. ही शेती सातबाऱ्यावर येत नाही, बाजार समितीच्या आकड्यांतही येत नाही. ती बहुधा घरातल्या बाईची असते, आणि म्हणूनच इतिहासातही येत नाही.

या शेतीचे खरे भांडवल बियाणे. टोमॅटोचे फूल बहुतांशी स्वपरागित असते. त्यामुळे चांगले फळ पिकू देऊन त्याचे बी राखेत घोळून ठेवले, तर पुढच्या वर्षी जवळजवळ तेच फळ मिळते. संकरित वाणाची गोष्ट निराळी. 1970च्या दशकात भारतात संकरित टोमॅटोचे बी बाजारात आले, आणि पुढे जुन्नर-नाशिकच्या पट्ट्यात त्यावर मोठा व्यापार उभा राहिला. त्याने शेतकऱ्याला पैसा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचे बी धरून ठेवता येत नाही. पुढच्या पिढीत गुण विखुरतात. चवीचेही तसेच. देठाजवळ हिरवा राहणारा टोमॅटो बाजाराला नको होता, म्हणून पैदासकारांनी सत्तरएक वर्षे एकसारखे लाल होणारे वाण निवडले. त्या निवडीत फळात साखर घडवणारे एक जनुक निकामी झाले होते, हे 2012 साली संशोधकांनी दाखवून दिले. सांदवाडीतल्या हिरव्या खांद्याच्या फळाला चव असते, हे म्हणणे निव्वळ स्मरणरंजन नाही.

डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा कोश सिद्ध केला, त्यामागे बोली जपण्याची तळमळ होती. परंतु कोशात शब्द टिकतो तो अर्थासह. चवीसह टिकायचा तर बी लागते. आज भंडाऱ्याच्या बाजारात मूल 'टमाटर' मागते, शाळेत 'टोमॅटो' लिहिते. वस्तू एकच असती तर ही केवळ शब्दांची अदलाबदल ठरली असती. पण ट्रकमधून येणारे टणक, गोलमटोल फळ आणि सांदवाडीतले पातळ सालीचे, आंबट, रसाळ फळ या दोन वस्तू आहेत. जुलै 2023मध्ये टोमॅटोचा भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा देशभर हाहाकार झाला. पावसाळ्यात भेदरं नसतेच आणि तेव्हा अंबाडी खायची असते, हे ज्ञान आपण किती सहज गमावले, ते त्या महिन्यात कळले.

मिरचीला लोकांनी अभंगात जागा दिली. भेदऱ्याची जागा बोलीत आहे आणि राखेत घोळलेल्या मूठभर बियांत आहे. यांतले एक गेले, की दुसरे फार दिवस उरत नाही.