‘भंगा’, ‘विजया’ आणि भांगेच्या औषधी उपयोगाचा काल

भांगेच्या औषधी उपयोगाचा इतिहास अथर्ववेदापासून आरंभण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. त्या वेदाच्या अकराव्या कांडातील सहाव्या सूक्तात, सोम ज्यांत श्रेष्ठ आहे अशा वनस्पतींच्या पाच राज्यांचा निर्देश असून दर्भ, यव व सह यांच्या जोडीने ‘भंग’ हे नाव येते. या वनस्पतींनी संकटातून मुक्त करावे अशी तेथे प्रार्थना आहे. एवढ्या आधारावर वैदिक ऋषींना भांगेचा चिंताहारक गुण ठाऊक होता असे अनुमान काढले जाते. परंतु त्याच सूक्तात अग्नी, इंद्र, बृहस्पती आणि सूर्य यांनाही हीच विनंती केलेली आहे. आणि दर्भ व यव यांना कोणी मादक द्रव्ये मानलेले नाही. ग्रियर्सन यांनी 1894 च्या सुमारास संस्कृत व हिंदी वाङ्मयातील भांगेच्या उल्लेखांवर जे टिपण लिहिले, त्यातही या स्थळी ती केवळ एक पवित्र वनस्पती आहे, एवढेच म्हटले होते. त्यांच्या नंतरच्यांनी उल्लेख तेवढा उचलला व संयम मागे ठेवला.

शब्दाचा प्राचीन अर्थ पाहावयाचा तर पाणिनीकडे वळणे अधिक फलदायी ठरते. पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील चौथ्या सूत्रात तीळ, माष, उमा (म्हणजे जवस), भंगा आणि अणु यांच्या शेतांची नावे साधली आहेत. भंगेचे शेत ते ‘भाङ्ग्य’ किंवा ‘भाङ्गीन’. ज्या पिकाच्या शेतास स्वतंत्र नाव असावे, ते शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे पीक होय. बौद्ध विनयग्रंथांत भिक्षूंना विहित असलेल्या सहा प्रकारच्या वस्त्रांत ‘साण’ आणि ‘भंग’ ही दोन वेगवेगळी वस्त्रे सांगितली आहेत. म्हणजे तागापासून निराळे असे, वाखासाठी उपयोगी पडणारे हे झाड होते. या स्थळांत मदाचा गंधही नाही, रोगोपचाराचाही नाही.

‘विजया’ या नावाने तर अधिकच घोटाळा केला आहे. उत्तरकालीन निघण्टूंत विजया म्हणजे भांग हे खरे; परंतु जुन्या वैद्यकात हेच नाव हिरड्याला आहे, आणि हिरड्याच्या सात जातींपैकी पहिलीचे नावही विजयाच. तेव्हा एखाद्या प्राचीन योगात ‘विजया’ दिसताच तेथे भांग वाचणे म्हणजे हिरडा खलातून काढून त्याजागी भांग टाकणे होय. ग्रंथाच्या कालाचा विचार न करता केलेले असे वाचन वैद्यकाच्या दृष्टीने निरुपद्रवी नाही.

मॉयलेनबेल्ड यांनी 1989 मध्ये या प्रश्नाची कसून छाननी केली. चरक-सुश्रुतांच्या संहितांत औषधी म्हणून भांगेचे निःसंदिग्ध वर्णन नाही. ते अकराव्या शतकाच्या सुमारास, वंगसेनाच्या ‘चिकित्सासारसंग्रहा’सारख्या ग्रंथांत प्रथम भेटते. पुढे शार्ङ्गधराने ‘व्यवायी’ द्रव्याची, म्हणजे पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्याची, उदाहरणे म्हणून भंगा आणि अफू यांची नावे एकत्र दिली. अफूला संस्कृतात ‘अहिफेन’ म्हटले आहे. अरबी ‘अफ्यून’ कानी पडल्यावर पंडितांनी त्यातून सापाचा फेस काढला. नवे द्रव्य आले की त्याला जुने रूप देण्याची ही रीत लक्षात घेण्याजोगी आहे.

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील अध्यापक ऑशॉनेसी यांनी 1839 मध्ये गांजाविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनाही प्रथम नावांतूनच वाट काढावी लागली. मधुसूदन गुप्त यांनी त्यांना ‘राजनिघण्टू’तील पर्यायनामे काढून दिली, एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार यांचाही त्यांनी सल्ला घेतला. त्यानंतर प्राण्यांवर प्रयोग, आणि मग रुग्ण. संधिवात, धनुर्वात, पटकी यांत त्यांनी हे औषध वापरले. धनुर्वातात वेदना व आकडी शमते असे त्यांना आढळले. सर्वांत लक्षणीय प्रसंग आकडी येणाऱ्या चाळीस दिवसांच्या एका मुलीचा. इतर उपाय थकल्यावर तिला गांजाच्या अर्काचे थेंब देण्यात आले आणि ती बरी झाली. शब्दाचा शोध येथे संपून वस्तूची परीक्षा सुरू झाली, हे ऑशॉनेसींचे खरे श्रेय. मात्र गांजाच्या एका अर्काचे बल दुसऱ्याशी जुळत नसे, आणि तो पाण्यात विरघळत नसल्याने मॉर्फिनप्रमाणे सुईने टोचता येत नसे. 1932 मध्ये ब्रिटिश औषधसंहितेतून तो वगळला गेला.

‘गांजा’ या एका नावाखाली कोणकोणती द्रव्ये नांदत होती, हे रसायनशास्त्राने सांगितले. अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी 1940 मध्ये कॅनाबिडिऑल वेगळे केले. मेशुलाम व श्वो यांनी 1963 मध्ये इस्रायलमध्ये त्याची रचना निश्चित केली. आणि पुढच्याच वर्षी मेशुलाम व गाओनी यांनी मद आणणारे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल शुद्ध रूपात मिळविले. कॅनाबिडिऑल मद आणीत नाही. 1980 मध्ये ब्राझीलमधील एका लहानशा चाचणीत अपस्माराच्या आठ रुग्णांना ते देण्यात आले, त्यांपैकी चौघांच्या आकड्या जवळजवळ थांबल्या. 2017 मध्ये ड्रावे रोगाच्या 120 मुला-तरुणांवर चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांत महिन्याच्या आकड्यांची मध्यक संख्या 12.4 वरून 5.9 वर आली. दुसऱ्या गटात ती 14.9 वरून 14.1 एवढीच उतरली. झोपाळूपणा, अतिसार व यकृतातील विकरांची वाढ हे दोषही त्यात नोंदले गेले. 2018 च्या जूनमध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली.

ऑशॉनेसींच्या अर्कातही हेच द्रव्य कार्यकारी होते, असे आता काही जण लिहितात. त्या अर्काचे घटक कोणी मोजलेले नाहीत. तेव्हा ‘विजया’बाबत घडलेला प्रमाद ‘कॅनाबिडिऑल’ या नव्या नावाने पुन्हा घडतो आहे, एवढेच म्हणता येते. आपल्या कायद्याने मात्र भेद शब्दांतच ठेवला आहे: 1985 च्या अधिनियमात झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारी शेंडे म्हणजे ‘गांजा’, आणि शेंड्यांवाचूनची पाने व बी त्या व्याख्येतून वगळली आहेत. सरकारमान्य दुकानांतून काही राज्यांत विकली जाणारी भांग ती हीच पाने.