भिंतीकडे तोंड करून

पार्कूर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? या गच्चीवरून त्या गच्चीवर झेपावणारी पोरं, नाहीतर २००६ च्या 'कसिनो रोयाल'मधला सुरुवातीचा तो पाठलाग. पण या प्रकारात एक अगदी साधी उडी आहे. तिला इंग्रजीत टर्न व्हॉल्ट म्हणतात, फ्रेंचमध्ये दमी-तूर, म्हणजे अर्धी गिरकी. दिसायला काही खास नाही, म्हणून व्हिडिओत फारशी नसते. मला मात्र पार्कूरचा सगळा इतिहास त्या अर्ध्या गिरकीत दिसतो. कसा ते सांगतो.

आधी उडी समजून घ्या. कठड्याला दोन्ही हात लावायचे, पण एकसारखे नाहीत. एक वरून धरलेला, दुसरा उलटा. मग कंबर आणि पाय कठड्यावरून काढायचे. अंग एका हाताभोवती फिरतं, दुसरा हात क्षणभर सुटतो आणि पलीकडून पुन्हा पकड घेतो. शेवटी तुम्ही पलीकडे असता, पण तोंड मात्र जिथून आलात तिकडे! पावलं भिंतीला टेकलेली, गुडघे वाकलेले. आता खाली किती खोल आहे ते बघा, हात लांब करून लोंबकळा, मग सोडा. साधा हिशेब आहे. हात वर केलेला माणूस सात फूट भरतो. म्हणजे दहा फुटांची भिंत असेल तर उडी उरते तीन फुटांची.

जुन्या घरात माळ्यावरून शिडीने उतरलेल्या कुणालाही हे नवीन नाही. तोंड शिडीकडे ठेवूनच आपण उतरायचो, कुणी शिकवलं नव्हतं.

आता इतिहास. ८ मे १९०२ ला कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर माँ पले ज्वालामुखी फुटला आणि सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत संपलं. जवळजवळ तीस हजार माणसं गेली. जॉर्ज एबेर नावाचा फ्रेंच नौदलातला तरुण अधिकारी तेव्हा तिथल्या बचावकार्यात होता, असं सांगतात. पुढे त्याने व्यायामाची स्वतःची पद्धत बसवली. चालणं, धावणं, चढणं, उड्या, तोल, वजन उचलणं, पोहणं, स्वसंरक्षण असं सगळं त्यात होतं. तिचं ब्रीद होतं, उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा. शरीर कमवायचं ते आरशासाठी नाही, वेळ आली तर कुणाला तरी बाहेर काढता यावं म्हणून.

ही पद्धत फ्रेंच सैन्यात रुजली. अडथळ्यांच्या सैनिकी मार्गाला फ्रेंचमध्ये 'पार्कूर द्यू काँबातां' म्हणतात, पार्कूर हे नाव तिथूनच आलं. १९३९ साली व्हिएतनाममधल्या ह्वे शहरात जन्मलेला रेमों बेल लहानपणीच युद्धात घरच्यांपासून दुरावला आणि सैनिकी शाळेत वाढला. रात्री सगळे झोपल्यावर तो एकटाच अडथळ्यांचा सराव करायचा, असं त्याच्या मुलाने नंतर सांगितलं. पुढे फ्रान्सला येऊन रेमों पॅरिसच्या अग्निशमन दलात गेला. त्याचा मुलगा दाविद, जन्म १९७३. वडिलांकडून ऐकलेलं घेऊन त्याने लिस या पॅरिसजवळच्या गावात मित्रांबरोबर जे सुरू केलं, तेच आजचं पार्कूर.

म्हणजे बघा, एक बचावकार्यातला, दुसरा आग विझवणारा. अशा माणसाला पलीकडे नुसतं पोचून भागत नाही, पाय न मोडता पोचावं लागतं. अर्धी गिरकी नेमकी त्यासाठी आहे.

२०१८ मध्ये जागतिक जिम्नॅस्टिक्स महासंघाने पार्कूरला आपल्यात घेतलं. जगभरच्या अनेक पार्कूरवाल्यांना ते आवडलं नाही. २०२२ मध्ये टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा झाली, वेग आणि फ्रीस्टाइल अशा दोन प्रकारांत. वाईट काही नाही त्यात. पण थांबून, खाली बघून, जपून उतरण्याला घड्याळापुढे किती किंमत मिळणार?

हे सगळं वाचायचं कारण घरातलंच. भाचा सध्या ही उडी शिकतोय. ताईच्या मते हे माकडचाळे आहेत, आणि 'तू तरी सांग त्याला' म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. एवढ्या साध्या उडीला तीन आठवडे कशाला, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, फिरणं सोपं आहे. एक हात सोडायची भीती वाटते. तो परत भिंतीला लागेल याची खात्री होईपर्यंत खालच्या कठड्यावरच करायचं." सोळा वर्षांच्या मुलाकडून एवढी सावधगिरी मी अपेक्षिली नव्हती.

तर ताई, तू हे वाचशीलच. मी काही त्याला थांबवणार नाही. कंबरेएवढा कठडा, खाली माती आणि शेजारी कुणीतरी मोठं माणूस, एवढं पाळतोय तोवर करू दे. आग लागलेल्या घरातून कधी बाहेर पडायची वेळ येऊ नये, पण आलीच तर आपल्या घरात एकाला तरी भिंतीवरून नीट उतरता येत असेल.