जन्मलेल्या पेशीला जगविणे

अपघातात डोक्याला मार बसला, जीव वाचला, पण हात उचलत नाही, ओळखीचा शब्द ओठांवर येत नाही, अशी माणसे आज गावोगाव आहेत. त्यांच्या घरच्यांच्या कानी ‘स्टेम सेल’ हा शब्द पडला की आशेला पालवी फुटते. ह्या आशेत खरे किती, हे ठरवावयाचे तर तिच्यामागील इतिहास पाहिला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

स्पेनचे थोर शास्त्रज्ञ रामोन इ काहाल ह्यांनी १९१३-१४ साली असा निर्वाळा दिला होता की, प्रौढ मेंदूतील मज्जापेशी एकदा मेली की पुन्हा उपजत नाही. हा कठोर नियम बदलणे शक्य असल्यास ते भावी विज्ञानाने करावे, असेही त्यांनी लिहून ठेवले.

ते काम पुढे नेणाऱ्यांत इटलीच्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी ह्या विदुषी अग्रगण्य होत. १९३८ साली मुसोलिनीच्या कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठाची दारे बंद झाली, तेव्हा ट्यूरिन येथील आपल्या निजावयाच्या खोलीतच त्यांनी प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर प्रयोग आरंभिले. गर्भाच्या अवयवाचा कोंब कापला तर त्याकडे जाणाऱ्या मज्जापेशी दिसेनाशा का होतात, हा प्रश्न होता. त्या पेशी तयारच होत नाहीत, असे व्हिक्टर हँबर्गर ह्यांचे मत होते. बाईंना निराळेच दिसले. पेशी जन्माला येतात, वाढू लागतात, पण अवयवाकडून मिळावयाचे पोषण न मिळाल्याने मरतात!

हे पोषण म्हणजे काय? युद्धानंतर हँबर्गर ह्यांनीच त्यांना अमेरिकेत सेंट लुईस येथे बोलावून घेतले. १९५२ साली रिओ द जानेरो येथे त्यांना आढळले की, उंदराच्या अर्बुदाचा तुकडा जवळ ठेवताच मज्जापेशींतून सूर्यकिरणांसारखे तंतू फुटतात. पुढे स्टॅन्ले कोहेन ह्यांनी ते द्रव्य सापाच्या विषातून व उंदराच्या लाळग्रंथीतून वेगळे काढले. हा पहिला मज्जावृद्धिघटक. त्याच लाळग्रंथीच्या अर्काने नवजात उंदरांचे डोळे वेळेआधी उघडतात, हे पाहून कोहेन ह्यांनी दुसराही वृद्धिघटक शोधला. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या दुसऱ्या घटकाने १९९२ साली काहालच्या निर्वाळ्याला धक्का दिला. कॅनडातील कॅल्गरी येथे रेनॉल्ड्स व वाइस ह्यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतील पेशी त्यात वाढविल्या. त्या दुभागत गेल्या आणि त्यांतून नव्या मज्जापेशी निर्माण झाल्या. प्रौढ मेंदूतही मूलपेशी शिल्लक असतात, हे त्यावरून दिसून आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मार बसलेल्या मेंदूत सूज असते, रक्तपुरवठा तुटलेला असतो. तेथे सोडलेल्या मूलपेशी बहुतांशी मरतात, अंड्यातील त्या पेशींसारख्याच. म्हणून प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांच्या जोडीला वृद्धिघटक देतात. शिवाय मूलपेशी स्वतःही असे घटक स्रवतात. अनेकदा त्यांचा उपयोग नवी मज्जापेशी होण्यापेक्षा उरलेल्या पेशी जगविण्यातच होतो, असे दिसते. अडचणीही आहेत. ही द्रव्ये रक्तातून मेंदूत सहज शिरत नाहीत, आणि बेसुमार वाढ म्हणजे अर्बुदाचे भय.

२०२४ साली जपानने मेंदूच्या जुन्या दुखापतीने आलेल्या लुळेपणावरील अशा एका उपचारास अटी घालून, मुदतीपुरती मान्यता दिली. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेंदूच्या दुखापतीवर मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तेव्हा कोणी हा उपचार विकू लागला, तर ही नोंदलेली चाचणी आहे काय, आणि असल्यास पैसे कशाचे, हे दोन प्रश्न आपण निःसंकोचपणे विचारावेत. विज्ञान येथवर यावयास ऐंशी वर्षे लागली आहेत. उरलेली वाट जमीन विकून चालता येणार नाही.