होमिओपॅथी : मान्यता आणि पुरावा

जर्मन डॉक्टर सॅम्युअल हानेमान यांनी १७९६ मध्ये होमिओपॅथी मांडली. काट्याने काटा काढावा, तसे हे तत्त्व. '३० सी' म्हणजे मूळ अर्क दर वेळी शंभर पट, असा तीस वेळा पातळ केलेला. त्यात मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळपास नसते.

भारतात १९७३ च्या केंद्रीय कायद्याने या पद्धतीला मान्यता मिळाली. पण कायद्याची मान्यता वेगळी, पुरावा वेगळा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेला २०१५ मध्ये एकाही आजारावर विश्वासार्ह पुरावा आढळला नाही. फ्रान्सने २०२१ पासून तिचा खर्च देणे थांबवले.

मग गोळ्यांनी आराम कसा पडतो? सर्दी बहुधा आपोआपच बरी होते. म्हणून बुजुर्गांचे इन्सुलिन, दम्याचा पंप या गोळ्यांच्या भरवशावर बंद करू नका.