कपाटामागील दार

सुताराच्या कामाची पारख बहुधा पाहणाराच्या डोळ्यांनीं होते. सांधा बेमालूम बसला, रंधा सफाईनें फिरला, नक्षी रेखीव उतरली, म्हणजे लोक कारागिराची तारीफ करतात. परंतु या धंद्यांत एक काम असें आहे कीं, तें कोणाच्या डोळ्यांत भरलें तर फसलें आणि कोणाचें लक्षच गेलें नाहीं तर साधलें. गुप्त दाराचें काम तें हेंच. भिंतीशीं एकजीव झालेलें कपाट हेंच दार असावें, ही कल्पना गोष्टींत करमणुकीची वाटते. इतिहासांत मात्र तिच्यावर माणसांचे प्राण अवलंबून राहिलेले आहेत.

इंग्लंडांत १५८५ च्या कायद्यानें कॅथॉलिक धर्मगुरूंचें देशांतील वास्तव्य हाच राजद्रोह ठरला. त्यांना आसरा देणाऱ्या घरंदाज लोकांच्या वाड्यांतून ऑक्सफर्डच्या एका सुताराचा मुलगा निकोलस ओवेन यानें लपण्याच्या कित्येक जागा तयार केल्या. वूस्टरशर परगण्यांतील हार्विंग्टन हॉल या वाड्यांत त्याच्या हातची समजली जाणारी एक जागा अद्याप पाहावयास मिळते. भिंतींतील एक उभी लाकडी तुळई आंसावर फिरते आणि तिच्यामागें माणूस मावेल एवढी पोकळी उघडी पडते. १६०६ मध्यें ओवेन पकडला गेला. लंडनच्या टॉवरमध्यें छळ होऊन त्याचा अंत झाला. परंतु आपण केलेल्या जागांचा ठावठिकाणा त्यानें सांगितला नाहीं. या कसबाला हातांइतकीच जिभेचीही शिस्त लागते, हें त्याच्या उदाहरणावरून दिसून येतें.

पुढें सुमारें साडेतीनशें वर्षांनीं अशाच कामाचा प्रसंग हॉलंडांत आला. मे १९४० मध्यें जर्मन सैन्यानें तो देश व्यापला. त्या वेळीं तेथें सुमारें १,४०,००० यहुदी राहत होते. त्यांपैकीं १,०२,००० च्या आसपास लोक पुढें मारले गेले. आम्स्टरडॅम शहरांत प्रिन्सेनग्राख्ट या कालव्याच्या कांठीं २६३ क्रमांकाच्या घरांत ऑटो फ्रँक यांची पेढी होती. फळांचा मुरंबा घट्ट करण्याचें द्रव्य आणि मसाले यांचा तेथें व्यापार चाले. घर १६३५ च्या सुमाराचें. पुढच्या बाजूस कचेरी व गुदाम, आणि मागें, रस्त्यावरून न दिसणारा, जोडघरासारखा भाग. ५ जुलै १९४२ रोजीं फ्रँक यांची थोरली मुलगी मार्गोट हिला सक्तीच्या मजुरीसाठीं हजर होण्याचा हुकूम आला. दुसऱ्याच दिवशीं आईबाप व दोन मुली त्या मागील भागांत राहावयास गेलीं. धाकटी ॲन तेव्हां तेरा वर्षांची होती. आठवड्यानें फान पेल्स कुटुंबांतील तिघें आलीं आणि नोव्हेंबरमध्यें फ्रिट्झ फेफर हे आले. एकूण आठ माणसें झालीं.

या भागांत शिरण्याचें दार एका लहानशा बोळांत उघडेच होतें. दडवून ठेवलेल्या सायकली हुडकण्यासाठीं पोलिस घरोघर झडत्या घेत. म्हणून दारापुढें पुस्तकांचें कपाट बसवावें, अशी सूचना कचेरीतील व्हिक्टर कुग्लर यांनीं केली. काम केलें योहान फोस्काउल यांनीं. ते गुदामावरील प्रमुख होते आणि त्यांची मुलगी बेप त्याच कचेरींत कारकुनी करीत असे.

हें काम वरवर पाहतां सोपें वाटेल. त्यांतील अडचणी कसबी सुतारालाच ठाऊक. साध्या दाराची फळी हलकी असते. भरलेल्या कपाटाचें सारें ओझें एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लोंबतें. बिजागरी किंचित् वांकली तरी कपाट जमिनीला घासतें आणि फरशीवर उमटलेला ओरखडा सारें गुपित फोडतो. फट जास्त ठेवावी तर ती दिसते; कमी ठेवावी तर कपाट अडतें. शिवाय कपाट नवें दिसून चालत नाहीं. तें पूर्वींपासूनच तेथें आहे असें वाटावें लागतें. फोस्काउल यांनीं साधें कपाट केलें आणि त्याच्या खणांत कचेरीच्या जुन्या फायली रचल्या.

ऑगस्ट १९४२ मध्यें तें बसलें. पायरी नाहींशी झाल्यानें बाहेर येतांना वांकून उडी मारावी लागे, आणि पहिल्या दिवसांत ठेंगण्या चौकटीवर प्रत्येकाचें कपाळ आपटलें. तेव्हां पंधरा वर्षांच्या पीटरनें लाकडाचा कीस भरलेलें फडकें चौकटीला ठोकलें. हा तपशील ॲनच्या रोजनिशींत आहे.

कपाटाची खरी परीक्षा ९ एप्रिल १९४४ च्या रात्रीं झाली. गुदामांत चोर शिरले होते. मागोमाग पोलिस आले आणि शोधीत शोधीत कपाटापर्यंत पोंचले. त्यांनीं तें दोनदां हलवून पाहिलें. पलीकडे आठ माणसें श्वास रोधून बसलीं होतीं. कपाट हललें नाहीं. पोलिस निघून गेले.

तें करणारा मात्र त्या वेळीं गुदामांत नव्हता. १९४३ च्या उन्हाळ्यांत फोस्काउल यांना कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें व काम सोडावें लागलें. आंतील माणसांचा एक सावध पहारेकरीच गेला. ४ ऑगस्ट १९४४ रोजीं कार्ल झिल्बरबाउअर या अधिकाऱ्याबरोबर पोलिस आले आणि कपाटामागचें दार उघडलें गेलें. त्यांना सुगावा कसा लागला, याचा निर्विवाद उलगडा आजवर झालेला नाहीं. आठांपैकीं केवळ ऑटो फ्रँक जिवंत परतले. फोस्काउल १९४५ च्या अखेरीस वारले.

रोजनिशी १९४७ मध्यें प्रसिद्ध झाली व १९६० मध्यें तें घर संग्रहालय म्हणून खुलें झालें. अटकेनंतर खोल्यांतील सामानसुमान उचलून नेण्यांत आलें होतें. त्या रित्याच राहाव्यात अशी ऑटो फ्रँक यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. कपाट मात्र आपल्या जागीं आहे. गुदामावरील एका माणसानें आपल्या हातांनीं केलेल्या या साध्या वस्तूनें आठ जीवांना जवळजवळ दोन वर्षें झांकून ठेवलें. त्या आठांतील एका मुलीला लिहावयास मिळालेला अवधि तो एवढाच.