तारा निघाल्या, तरी दातांची राखण सुरूच

दीड-दोन वर्षे दातांवर बाळगलेल्या तारा निघाल्या, की उपचार संपले असा बहुतेक घरांत समज असतो. वस्तुतः उपचारांचा दुसरा भाग तेव्हाच सुरू होतो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. सूक्ष्म तंतूंनी तो हाडाशी आणि हिरडीशी बांधलेला असतो. तारांनी दात सरकला, की हे तंतू ताणले जातात. हाडालगतचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागी जुळतात. हिरडीतील लवचीक तंतूंना मात्र वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. ही ओढ थोपवणारे साधन म्हणजे रिटेनर. शिवाय वाढत्या वयात खालच्या पुढच्या दातांची दाटी होतेच, तारा न लावलेल्यांचीही. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, रिटेनर सोडून वीस वर्षे झालेल्यांपैकी जेमतेम दहा टक्के रुग्णांचे खालचे दात समाधानकारक आढळले होते.

रिटेनर तीन प्रकारचे असतात. अॅक्रिलिकची प्लेट आणि पुढे तार असलेला, अमेरिकेतील चार्ल्स हॉली यांच्या नावाने ओळखला जाणारा. दातांवर टोपणासारखा बसणारा पारदर्शक. आणि दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार. काढता येणारा रिटेनर साधारणतः पहिले काही महिने जेवण व ब्रश वगळता दिवसभर आणि पुढे फक्त रात्री वापरावा लागतो. नेमका काळ डॉक्टर ठरवतात.

बीड जिल्ह्यातील तेलगावसारख्या गावात खरी अडचण असते ती अंतराची. लातूरचे दंत महाविद्यालय शंभरएक किलोमीटरवर, तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय दीडशे किलोमीटरहूनही दूर. ‘जरा सैल वाटतो’ एवढ्यासाठी एवढा प्रवास कोण करणार? त्यातच तारा निघण्याचे वय आणि बारावी किंवा ‘नीट’च्या तयारीसाठी वसतिगृहात जाण्याचे वय एकच. जेवताना कागदात गुंडाळून ठेवलेला रिटेनर खानावळीच्या ताटाबरोबर कचऱ्यात जातो. हरवण्याचा हा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. रिटेनर एक तर तोंडात असावा, नाही तर डबीत. म्हणूनच तारा काढताना जादा रिटेनर करून घ्यावा आणि दातांचा साचा मागून जपून ठेवावा. दात सरकले नसतील, तर त्या साच्यावरून नवा रिटेनर होऊ शकतो. साचा नसला तरी जवळचा दंतवैद्य नवे माप घेऊ शकतो. मूळ डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याची वाट पाहत महिना घालवणे महागात पडते.

काही दिवसांचा खंड पडून रिटेनर घट्ट वाटू लागला, तर तो नियमित लावल्याने दाब बहुधा ओसरतो. पूर्ण बसतच नसेल, तर मात्र जोर लावू नये.

तेलगाव हा साखर कारखान्याचा परिसर, तेव्हा उसाचा उल्लेख अटळ आहे. मागे चिकटवलेली तार असणाऱ्यांनी कांडे दातांनी सोलू नये; तार एका दातापासून सुटली तरी ते चटकन कळत नाही आणि तेवढाच दात हळूहळू वळतो. जिभेला टोचल्यासारखे वाटले, तर काही दिवसांतच दाखवावे. या तारेभोवती कीटणही लवकर साचते, म्हणून दातांच्या फटींत जाणारा छोटा ब्रश रोज फिरवावा.

काढता येणारा रिटेनर गार पाण्यात, मऊ ब्रशने धुवावा. टूथपेस्टने पारदर्शक प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि गरम पाण्याने ते वाकते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेल्या रिटेनरचीही तीच गत होते. चहा पिताना तो काढावा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने प्लास्टिकवर पांढरट थर बसल्यास पांढरे व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन त्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवावा आणि स्वच्छ धुऊनच लावावा.