'कॅल्क्युलेट'च्या पोटातला खडा

'कॅल्क्युलेट' म्हणजे आकडेमोड करणे, हे आठवीतला विद्यार्थीही सांगेल. पण या इंग्रजी क्रियापदाच्या पोटात एक खडा दडलेला आहे, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही.

लॅटिनमध्ये 'कॅल्क्स' म्हणजे चुनखडी आणि 'कॅल्क्युलस' म्हणजे लहानसा खडा. रोमन लोक संख्या अक्षरांनी लिहीत. त्या अक्षरांना स्थानिक किंमत नसल्याने आपल्यासारखी उभी मांडणी करून हिशेब करणे अवघड होते. म्हणून हिशेब फळीवर खडे मांडून होत असे. सोप्या रूपात पाहू. २७ आणि ४८ यांची बेरीज करायची आहे. एककाच्या घरात ७ आणि ८ मिळून १५ खडे झाले. त्यांतले दहा उचलायचे आणि त्यांच्या बदली दशकाच्या घरात एक खडा ठेवायचा. तेथे २ आणि ४ होतेच. आता झाले ७. उत्तर ७५. आपण वर्गात 'हातचा एक' म्हणतो, तो येथे खरोखरच हातात येतो!

फळीवर शून्याची गरज नव्हती; घर रिकामे ठेवले की झाले. लिहिताना मात्र रिकाम्या घरालाही खूण हवी. ती भारतीय अंकपद्धतीने दिली. १२०२ साली फिबोनाचीने ही पद्धत आपल्या ग्रंथात मांडली. तरीही पुढे तीनशेहून अधिक वर्षे युरोपात फळी आणि अंक शेजारी शेजारी नांदले. अंकांचा मोठा फायदा असा, की केलेल्या पायऱ्या कागदावर राहतात आणि चूक शोधता येते. खडे हलवले की मागचे सारे पुसले जाते.

या शब्दाची भावंडे आपल्या ओळखीची आहेत. १८०८ साली हंफ्री डेव्हीने चुन्यापासून वेगळ्या केलेल्या धातूचे नाव कॅल्शियम. डॉक्टर मुतखड्याला 'कॅल्क्युलस' म्हणतात; मराठीतही तो खडाच. आणि बारावीच्या विद्यार्थ्यांना धडकी भरवणारे कॅल्क्युलसही त्याच घरातले.

चिंचोके मांडून किंवा बोटे मोजून गणित सोडवणाऱ्या मुलाला आपण "अजून बोटंच मोजतोस?" असे म्हणून गप्प करतो. पण माणसाने हातचा खड्यांनी शिकला आणि मग कागदावर आणला. आपल्या विद्यार्थ्यालाही तेवढी सवड द्यायला नको का? येत्या आठवड्यात पाटीवर तीन घरे आखा, मूठभर खडे द्या आणि 'हातचा' मुलांच्या हाती येऊ द्या, असे आम्ही सुचवतो.